लेण्याद्री, भूतलेणें आणि चिनी भुतें

जुन्नर शहराच्या उत्तरेस सुमारें ५ किलोमीटरवर लेण्याद्रीचा डोंगर आहे व शहराच्या दक्षिण अंगास मानमोडीचा डोंगर आहे. दोहोंमध्यें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं बौद्ध भिक्षूंसाठीं कोरलेलीं लेणीं आहेत. दगड तोच, कारागिरांची परंपरा तीच, दान देणाऱ्यांची श्रद्धाहि तीच. असें असतां लेण्याद्रीवर आज गणपतीचा जयघोष चालतो आणि मानमोडीवरील लेण्यांच्या एका समूहास लोक 'भूतलेणें' म्हणतात. एका डोंगरावर देव आला व दुसऱ्यावर भूत आलें, हें कसें घडलें? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचा माग काढीत गेलें असतां वाट सह्याद्रींतून निघून चीन देशापर्यंत जाते आणि हाँगकाँगच्या ज्या भुतांच्या चित्रपटांनीं आशिया खंडांतील प्रेक्षकांना भिवविलें व रडविलेंहि, त्यांच्या पडद्यापर्यंत पोंचते.

लेण्याद्रीच्या सुमारें ३०० पायऱ्या चढून गेल्यावर डोंगराच्या दक्षिणाभिमुख कड्यांत लेण्यांची रांग लागते. नाणेघाटांतून कोंकणांत उतरणारा व्यापारी मार्ग या मुलुखांतून जात असे. सातवाहन राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख त्याच घाटांत आहे. त्या मार्गावर ज्यांनीं द्रव्य मिळविलें, त्यांनीं त्यांतील कांहीं भाग या डोंगरांत कोरून ठेवला. ६ क्रमांकाचें चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोन्याचा व्यवहार पाहणाऱ्याचा, पुत्र सुलसदत्त यानें दिलें, असें तेथील लेख सांगतो. त्याच्या शेजारचें ७ क्रमांकाचें लेणें हा भिक्षूंचा विहार. पन्नास फुटांहून अधिक लांबीच्या त्याच्या मंडपांत एकहि खांब नाहीं; तीन बाजूंना मिळून २० खोल्या आहेत. मागच्या भिंतींतील मधल्या दोन खोल्या एक करून तेथें गिरिजात्मज गणपतीचें स्थान झालें. अष्टविनायकांपैकीं डोंगरावरचें आणि बौद्ध लेण्यांमधलें असें हें एकच स्थान होय.

मानमोडीवरील लेण्यांचे तीन समूह मानले जातात: भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग अथवा भूतलेणें. याच डोंगरावर महाक्षत्रप नहपानाचा मंत्री अयम यानें वर्ष ४६ मध्यें मंडप व पाण्याचें टाकें दिल्याचा लेख आहे. भूतलेण्यांतील चैत्यगृहाचें दर्शनी तोंड तर जुन्नरच्या साऱ्या लेण्यांत उठून दिसणारें आहे. दारावरील अर्धवर्तुळांत कमळाच्या पाकळ्या कोरल्या असून मध्यभागीं लक्ष्मी, तिच्या दोहों बाजूंस हत्ती व हात जोडलेले भक्त आहेत. वरच्या अंगास नाग आणि गरुड यांच्या आकृति आहेत; एकाच्या मस्तकामागें फणा, तर दुसऱ्यास पंख. हें दर्शनी काम चंद नांवाच्या एका यवनाचें दान असून तसा लेख तेथेंच कोरलेला आहे. पश्चिमेकडून आलेल्या ग्रीकांना त्या काळीं यवन म्हणत. आंतलें काम मात्र पुरें झालें नाहीं. बाहेर लक्ष्मी आणि आंत अर्धवट राहिलेला अंधार, असें या लेण्याचें स्वरूप आहे.

'भूतलिंग' या नांवाचा संबंध भूतनाथ शंकराकडेहि नेतां येईल. परंतु लोकांच्या तोंडीं बसलें तें भूतलेणेंच, आणि त्याचें कारण शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. भिक्षू गेल्यावर ज्या विहारांत पुन्हां दिवा लागला, त्याला देवाचें नांव मिळालें. ज्याच्या दारांत गवत माजलें व वटवाघळांनीं वस्ति केली, त्याला भुताचें मिळालें. चंदाचें नांव कमानीवर होतें. पण ती ब्राह्मी लिपि वाचणारा कोणी उरला नव्हता. ज्या घराचा धनी कोणास ठाऊक नाहीं, त्या घराला धनी म्हणून लोक भूत देतात. हा नियम महाराष्ट्रापुरता नाहीं, हें चीनच्या उदाहरणावरून स्पष्ट होतें.

'भूत' हा शब्दच मोठा बोलका आहे. संस्कृतांत त्याचा मूळ अर्थ 'होऊन गेलेलें' असा. म्हणून व्याकरणांतला भूतकाळ आणि पिंपळावरचें भूत हीं एकाच धातूचीं अपत्यें आहेत. चिनी भाषेंत भुताला 'ग्वेइ' म्हणतात. तेथील प्राचीन कोशकारांनीं त्याच्याशीं उच्चारानें जुळणाऱ्या दुसऱ्या शब्दाच्या आधारें त्याचा अर्थ 'आपल्या ठिकाणीं परतलेला' असा लावला. मेलेला मनुष्य स्वस्थानीं परतला कीं कुळाचा पितर होतो. परतण्यास ठिकाण नसेल तर तो जिवंतांना छळतो, अशी ही कल्पना. इ. स. पूर्व ५३५ च्या सुमाराची एक हकीकत चीनच्या जुन्या इतिहासग्रंथांत आहे. झेंग राज्यांत बोयौ नांवाचा सरदार दंगलींत मारला गेला आणि त्याचें भूत नगरांत फिरतें अशा वार्तेनें लोक घाबरून पळूं लागले. त्सिछान नांवाच्या शहाण्या मंत्र्यानें मांत्रिक बोलावले नाहींत. त्यानें मृताच्या मुलास अधिकारपद दिलें, म्हणजे बापाची पूजा करणारें घर उभें राहिलें, आणि भीति ओसरली. भुताला ठिकाण द्यावें कीं तें निमूट होतें, हें राजनीतीचें सूत्र म्हणून त्यानें सांगितलें.

पुढें इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास बौद्ध धर्म चीनमध्यें पोंचला. जुन्नरच्या डोंगरांवर छिन्नी चालत होती तोच हा काळ. भाषांतरकारांनीं पुष्कळ संस्कृत शब्द उच्चारानेंच चिनी लिपींत उतरविले. आपला यम तेथें 'येनलुओ' झाला, यक्ष 'येछा' झाला आणि राक्षस 'लुओछा' झाला. गांवापासून दूर, भिक्षूंनीं राहण्याच्या जागेस 'अरण्य' म्हणत. तो शब्द 'आलानरुओ' असा झाला आणि झिजून 'लानरुओ' एवढाच राहिला. लेण्याद्री आणि मानमोडी हीं त्या अर्थानें जुन्नरचीं अरण्येंच होतीं. चिनी भाषेंत 'लानरुओ' म्हणजे मठ असा अर्थ पक्का झाला. भिक्षूंचीं हीं अरण्यें ओस पडल्यावर त्यांचें काय झालें, हें पुढें दिसेलच.

शब्दांबरोबर प्रेतांच्या कथाहि गेल्या. पालि वाङ्मयांत 'पेतवत्थु' नांवाचा ५१ कथांचा संग्रह आहे. त्यांतील प्रेतें क्रूर नाहींत. तीं भुकेलीं आहेत. जिवंतपणीं कृपणपणा केला अथवा मागें कोणी दानधर्म केला नाहीं, म्हणून तीं घराच्या भिंतीबाहेर व चौकांत उभीं राहतात. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन त्यांना पाहूं शकतो व त्यांची विचारपूस करतो. चीनमध्यें याच मौद्गल्यायनाचा 'मूल्येन' झाला. त्याची आई मरणोत्तर भुकेलें प्रेत झाली. त्यानें दिलेला घास तिच्या तोंडाशीं जातांच निखारा होई. वर्षावास संपेल त्या दिवशीं भिक्षुसंघाला अन्नदान केल्यानेंच तिची सुटका होईल, असें बुद्धानें सांगितलें, अशी ती कथा. वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे महिने एका ठिकाणीं राहण्याचा भिक्षूंचा नियम, आणि जुन्नरचे विहार त्याच नियमासाठीं उपयोगी पडत. सातव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेचा चिनी भुतांचा सण या कथेवर उभा राहिला व सहाव्या शतकापासून त्याच्या नोंदी मिळतात. मलायांत व सिंगापुरांत त्या सणाच्या खेळांत पहिली रांग रिकामी ठेवतात. ती भुतांची बैठक. भाद्रपदांत सर्वपित्री अमावास्येस ज्या घरांत पान वाढून बाहेर ठेवतात, त्यांना या रिकाम्या रांगेचा अर्थ निराळा सांगावयास नको.

काइफेंग नगराच्या बाराव्या शतकांतील एका वर्णनांत, या सणाच्या वेळीं मूल्येनाचें नाटक कित्येक दिवस चालत असल्याचा उल्लेख आहे. म्हणजे भुतांचा खेळ पाहण्यास लोकांनीं गर्दी करणें हें चित्रपटानें शिकविलें नाहीं. ती संवय फार जुनी आहे.

या परंपरेचा सर्वांत मोठा कथाकार पू सोंगलिंग (१६४० ते १७१५) हा शांतुंग प्रांतांतला एक शिक्षक होता. सरकारी परीक्षांत वरच्या पायरीवर तो वारंवार नापास झाला आणि श्रीमंतांच्या घरीं मुलांना शिकवून त्यानें आयुष्य काढलें. त्याच्या सुमारें ५०० अद्भुत कथांचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १७६६ सालीं छापला गेला. त्यांतील न्ये श्याओच्येन नांवाच्या मुलीची कथा आज जगभर ठाऊक आहे. निंग नांवाचा एक सरळ मनाचा तरुण प्रवासांत चिनह्वा नगराच्या उत्तरेकडील एका ओस मठांत उतरतो. मठासाठीं लेखकानें योजिलेला शब्द 'लानरुओ', म्हणजेच आपलें अरण्य. रात्रीं एक सुंदर मुलगी येऊन त्याला भुलवूं पाहते. तो बधत नाहीं. ती सोन्याचा तुकडा ठेवते. तो बाहेर फेकून देतो. मग ती खरें सांगते. ती अठराव्या वर्षीं वारली, मठाजवळ पुरली गेली आणि तेथील पिशाचानें तिला दासी केलें. तिनें ठेवलेलें सोनें हें सोनें नसून राक्षसाचें हाड होतें, आणि आतां तिच्या जागीं यक्ष येईल. अरण्य, राक्षस, यक्ष असे तीन भारतीय शब्द एका चिनी भूतकथेंत घरच्यासारखे वावरतांना दिसतात.

तिचें मागणें एकच आहे: माझीं हाडें येथून काढून चांगल्या जागीं ठेव. निंग हाडें कापडांत गुंडाळून घरीं नेतो, आपल्या अभ्यासिकेजवळ पुरतो व तर्पण करतो. मुलगी मागोमाग येते. निंगची आई प्रथम घाबरते. पण ती मुलगी सकाळीं पाणी आणून देते, घरकाम करते, हळूहळू अन्न घेऊं लागते आणि शेवटीं त्या घरची सून होते. चिनी रीतीप्रमाणें अविवाहित मुलीच्या नांवाची पाटी बापाच्या देवघरांत ठेवीत नसत. तिला पूजा नाहीं, म्हणून तिला परतण्यास घर नाहीं. भूत सून झालें कीं तिचें भूतपण संपलें, ही पू सोंगलिंगची गोष्ट आणि त्सिछान मंत्र्याचें सूत्र एकच आहे.

चिनी चित्रपटानें या ठेव्याला हात घातला तो मूकपटांच्या काळांतच. इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रांत येऊन गेलेला आणि येथील शंभरावर संघारामांची व पांच हजारांवर भिक्षूंची नोंद करणारा ह्युएनत्संग याला सोळाव्या शतकांतील एका अद्भुत कादंबरीनें राक्षसांच्या मुलुखांतून जाणारा नायक केलें होतें. कोळिणींच्या रूपांतील सात मोहिनी त्याला गुहेंत अडकवितात, या प्रसंगावर १९२७ सालीं शांघायमध्यें मूकपट निघाला. तो नाहींसा झाला असें मानीत असतां त्याची प्रत नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत सांपडली. १९२८ पासून 'लाल कमळाचा मठ जळतो' या अर्थाच्या चित्रपटमालेनें तर लोकांना वेड लावलें. तेव्हां नव्या राष्ट्रवादी सरकारानें १९३१ सालीं असे चित्रपट अंधश्रद्धा वाढवितात म्हणून बंद केले. पुढें भुतांचा हा संसार मुख्यतः हाँगकाँगांत थाटला गेला.

तेथें ली हानश्यांग यानें १९६० सालीं श्याओच्येनच्या कथेवर काढलेला चित्रपट त्याच वर्षीं फ्रान्समध्यें कानच्या महोत्सवांत दाखविला गेला. १९८७ सालीं त्सुइ हार्क निर्माता व चिंग स्युतुंग दिग्दर्शक अशा जोडीनें तीच कथा पुन्हां पडद्यावर आणली. त्यांत निंग हा वसुली करीत फिरणारा गरीब कारकून झाला व पिशाचाच्या जागीं हजार वर्षांचा वृक्ष आला. कथेंत साधा 'लानरुओ' असलेला मठ आतां 'लानरुओ' याच नांवाचा मठ म्हणून ओळखला जाऊं लागला. लेस्ली च्यूंग व जोई वाँग यांनीं नायक-नायिकेचें काम केलें. त्या वृक्षपिशाचाशीं झुंजणारा खड्गधारी संन्यासी जो मंत्र म्हणतो तो 'प्रज्ञापारमिता' या शब्दाचाच चिनी उच्चार आहे, आणि संकटांत नायकाच्या उपयोगी पडतो तो वज्रच्छेदिका सूत्राचा ग्रंथ. इ. स. ८६८ सालीं छापलेली या सूत्राची प्रत तुन्ह्वांगच्या लेण्यांत सांपडली. सालाची नोंद असलेलें तें जगांतलें सर्वांत जुनें छापील पुस्तक समजतात. जुन्या कथेंतलें लग्न मात्र या चित्रपटांत नाहीं. नायिकेला पुनर्जन्माकडे जावें लागतें आणि नायकाच्या हातीं तिच्या अस्थींना योग्य जागा देणें एवढेंच उरतें.

चिनी चित्रपटांतील सारीं भुतें भारतांतून गेलीं, असा समज करून घेणें चुकीचें होईल. त्सिछान मंत्र्याची हकीकत बौद्ध धर्म तेथें पोंचण्याच्या कित्येक शतकें आधींची आहे. माणसाचें रूप घेणाऱ्या कोल्हिणींच्या गोष्टी चीनच्याच मातींतल्या. १९८५ सालीं रिकी लाउ यानें काढलेल्या 'मिस्टर व्हँपायर' या चित्रपटानें ज्यांना लोकप्रिय केलें, तीं हात पुढें धरून उड्या मारीत चालणारीं प्रेतेंहि तेथलींच. त्यांच्या कपाळावर मंतरलेला पिंवळा कागद चिकटविला कीं तीं थांबतात. परमुलुखांत मेलेल्यांना पुरण्यासाठीं गांवीं पोंचवावें म्हणून मांत्रिक त्यांना रात्रींच्या वेळीं चालवीत नेई, असें दंतकथा सांगते. प्रेतांत शिरणारा आपला वेताळ चिनी भाषांतरकारांना भेटला, तेव्हां त्यांनीं त्याला 'प्रेत उठविणारें भूत' असें नांव दिलें. परंतु साम्य दिसलें म्हणजे वंश एकच असें होत नाहीं. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. भूत देशी असो वा परदेशीं जन्मलेलें असो, त्याची तक्रार बदलत नाहीं: घरीं पोंचलों नाहीं, कोणी नांव घेत नाहीं.

मराठी भुतांच्या याद्या पाहिल्या तरी हेंच आढळतें. मुंज झालेला पण लग्नापूर्वीं वारलेला मुलगा मुंजा होतो व पिंपळावर राहतो. बाळंतपणांत किंवा अतृप्त मरण आलेली स्त्री हडळ होते. द्रव्यांत अथवा वतनांत जीव गुंतलेला मनुष्य समंध होतो. संसाराचा एखादा टप्पा ज्यांचा अपुरा राहिला, त्यांचीच ही शिरगणति आहे. कोंकणांतील मुंजाच्या समजुतीवर आदित्य सरपोतदार यानें काढलेला हिंदी चित्रपट २०२४ सालीं गाजला. त्यांतहि भूत झाडाला बांधलेलें आहे, आणि त्याचा हट्ट आहे तो लग्नाचा. झेज्यांग प्रांतांतल्या ओस मठांतली मुलगी आणि कोंकणांतला हा मुलगा यांची ओळख नाहीं. तरी दोघांचें दुःख एकाच जातीचें आहे.

आतां पुन्हां मानमोडीकडे पाहिलें असतां भूतलेण्याचें कोडें सुटतें. ओस पडलेलें अरण्य चिनह्वाच्या उत्तरेस असो कीं जुन्नरच्या दक्षिणेस असो, त्यांत लोकांना भूत दिसणें अपरिहार्यच होतें. फरक पुढें पडला. श्याओच्येनला जो निंग भेटला तो लेण्यांनाहि एका अर्थानें भेटला. एकोणिसाव्या शतकांत पंडित भगवानलाल इंद्रजी व जेम्स बर्जेस यांनीं पश्चिम भारतांतील लेण्यांचे लेख उतरवून घेतले आणि १८८१ सालीं ते प्रसिद्ध केले. सुलसदत्त, अयम, चंद हीं नांवें, तसेंच शिवनेरीवर पाण्याचीं टाकीं देणारा यवन इरिल आणि भोजनमंडप देणारा यवन चित, हे सारे शतकानुशतकांच्या मौनांतून पुन्हां माणसांच्या तोंडीं आले. भुताला ठिकाण मिळालें तें मंत्रानें मिळालें नाहीं. लिपि शिकून, धुळींत बसून एकेक अक्षर लावल्यानें मिळालें.

परंतु हें काम एकदां करून संपत नाहीं. जुन्नर परिसरांत दोनशेंहून अधिक लेणीं आहेत, आणि लेण्याद्रीच्या गणपतीच्या दर्शनास येणाऱ्यांपैकीं पुष्कळजण शेजारच्या चैत्यगृहावरील सुलसदत्ताचा लेख न पाहतांच पायऱ्या उतरतात. मानमोडीची पायवाट तर त्याहून एकाकी. लेण्यांच्या भिंतींवर खडूनें वा खिळ्यानें स्वतःचें नांव लिहिणारे प्रवासी असतात. ज्याचें नांव तेथें दोन हजार वर्षें आहे, त्याचें नांव वाचण्याची इच्छा त्यांना होत नाहीं. घरांतील मुलें हाँगकाँगच्या पडद्यावरचा ओस मठ आवडीनें पाहतात, त्यांत वाईट कांहीं नाहीं. त्या मठाचें नांव आपल्याच 'अरण्य' शब्दाचें आहे आणि तसें एक अरण्य जुन्नरच्या वेशीजवळ उभें आहे, एवढें वडील माणसांनीं त्यांना सांगावें व एखाद्या सुट्टीच्या दिवशीं मानमोडीवर न्यावें. कमानींतल्या लक्ष्मीकडे बोट दाखवून 'हें चंदानें दिलें' इतकें म्हटलें, तरी त्या लेण्यापुरतें भूत हा शब्द मागें घेतल्यासारखें होईल.